दोन ग्लासांतला धूर

१४ डिसेंबर १९९३, मंगळवार, संध्याकाळ. सिल्वासा

सकाळी आमच्या दारू कारखान्याच्या शेठजींनी धुराचा वास असलेल्या एकाच स्कॉच माल्ट व्हिस्कीच्या दोन बाटल्या मागवल्या. एक वीस वर्षांपूर्वीची, एक हल्लीची. व्हिस्कीचा वास पारखणं माझं काम; मला म्हणाले, "काका, धूर कशात जास्त? त्यावरून आपल्या व्हिस्कीत काय घालायचं ते ठरवू."

लॅबमधल्या पाटलाने दोन ग्लास भरून आणले. मी हुंगले आणि बोलत सुटलो. जुनीत जळत्या ओल्या मातीसारखा धूर, मागून मध. नवीत नुसता तिखटपणा. शाळेत कविता म्हणायचो तसा, न अडखळता. शेठजी खूश. म्हणाले, मग नवी नको.

दुपारी पाटील हळूच आला. "काका, रागावू नका. जुनीचं बूच आतच तुटलं होतं. गडबडीत मी दोन्ही गलासात नवीच ओतली."

"शेठजींना बोललास?"

"तुमच्या आधी कसा बोलू?"

म्हणजे जुनीचा धूर मी हुंगला नाहीच, पाठ म्हटला. मग जुनीचं तुटकं बूच काढून दोन्ही बाटल्या पुन्हा हुंगल्या. वासच नाही, नाकाला दोन्ही पाणीच. सर्दी असेल? सर्दी तर नाही. तीस वर्षं या नाकावर घर चाललं. कधीपासून नुसतं पाठ म्हणतोय मी?

उद्या शेठजींना सांगायलाच हवं. नोकरी जाईल. न सांगावं तर पाटील गप्प राहील, तेच जास्त टोचतं.

खाली अंगणात सूनबाई पाचोळा जाळते आहे. "अप्पा, खिडकी लावा, धूर येतोय."

लावली नाही. धूर वहीपर्यंत आला आहे. मला तो दिसतो आहे.