सातचा पट्टा

बारक्या,

तुमच्या रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या लघवीच्या बाटल्या आमच्याच प्रयोगशाळेत आल्या होत्या, हे मी तुला सांगितलं नव्हतं. रसायन अंगात किती मुरलंय ते आम्ही त्यातून मोजतो आणि त्यावरून कॅन्सरचा धोका ठरवतो. बाटलीवर नाव नसतं, कामगाराने स्वतःच्या हाताने लिहिलेला नंबर असतो.

सगळ्यांचे आकडे थोडेफार आगेमागे होते. एकाच बाटलीचा आठपट निघाला. मी वैतागले. म्हटलं, रंगाच्या हातांनी बाटली भरली असणार, धांदरट मेला! नमुना खराब म्हणून मी तो काढून टाकला. सरासरी मर्यादेत बसली आणि मी सही केली.

आज बाटल्या टाकून देताना ती हातात आली. 47. सातच्या कमरेला आडव्या रेघेचा पट्टा आणि पट्ट्याला बक्कल. "सातला पट्टा बांध, नाहीतर त्याची चड्डी घसरेल," असं तुला पहिलीत मीच शिकवलं होतं.

धावत साहेबांकडे गेले. म्हटलं, हा पुन्हा तपासू या. ते म्हणाले, "अहवाल गेला, मॅडम. आता कारण काय लिहू? सातला बक्कल आहे म्हणून?" आणि निकाल घरी सांगायचा नाही, हे आम्ही नोकरीला लागतानाच लिहून दिलंय.

मग तुझाच फोन आला. "ताई, आम्ही सगळे पास!"

मला एवढंच विचारता आलं, "जेवायच्या आधी हात नीट धुतोस ना रे?"

तू हसलास. "घासून घासून धुतो. रंग जात नाही, ताई. तो आता आतूनच येतो."

तुझी,
सही करणारी ताई