वाढवलेला दिवा

प्रिय नूतन,

फोनवर मी 'हो', 'बरं' करतो म्हणून रागावू नकोस. घरात बोललं की तुझ्या आईला ऐकू जातं. आजारपणात तिचे कान उलट तिखट झालेत.

आधी गाडीचं सांगतो. क्लच बदलून शोरूममधून आणली, तेव्हापासून इंजिनचा पिवळा दिवा लागायला लागला. आईला केमोसाठी सुरतेला नेताना नवापूरच्या अलीकडे, चढावर, गाडीने दमच सोडला. ट्रकवाले हॉर्न मारत पुढे जात होते आणि ती मागे उलटीची पिशवी धरून बसलेली. त्या दिवशी केमो हुकला. शोरूमवाल्यांना मी काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सेन्सर बदलला, तरी दिवा पुन्हा हजर. रोग रेड्याला, औषध पखालीला!

शोरूमच्या दुसऱ्या खेपेला आईही सोबत होती. दिवा 'विझवा' असं ती मरेस्तोवर म्हणायची नाही, तुला ठाऊकच आहे. आपल्यात दिवा 'वाढवतात'. तिने खिडकीतूनच तिथल्या नव्या साहेबाला सांगितलं, "भाऊ, तेवढा दिवा वाढाई द्या." तो बिचारा पुण्याकडचा. त्याने डॅशबोर्डवरच्या सगळ्या दिव्यांचा उजेडच वाढवून दिला! घरी येताना कोरीटपर्यंत तो पिवळा दिवा डोळ्यांत घुसत होता आणि आम्ही दोघं हसत होतो. त्यानंतर ती तशी हसलेली नाही.

मग तू पाठवलेलं, गाडीतला बिघाड सांगणारं यंत्र लावलं. मोबाईलवर कोड आला, तू म्हणालीस टर्बोची हवा कमी पडतेय, पाइप बघा. मी कोड पुसायचो, गाडी पळवायचो, कोड पुन्हा यायचा. शेवटी आपल्या शेतावरच्या भिकनला रेस द्यायला बसवलं आणि पाइपांवर साबणाचं पाणी ओतलं. एका जोडावर फसफसून बुडबुडे आले. क्लच काढताना सैल केलेली पट्टी कोणी आवळलीच नव्हती. मी आवळली. रनाळ्यापर्यंत जाऊन आलो, कोड आला नाही.

तसाच धावत तिच्या खाटेपाशी गेलो. म्हटलं, आता कुठे अडणार नाही, सोमवारी वेळेवर पोचू. ती माझ्या काळ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बस व्हई गयं आते. माले सुरतले लई जाऊ नका."

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आग्रह धरला नाही. धरायला हवा होता गं. मी रोज गाडी सुरू करतो, यंत्र लावतो. काहीच येत नाही. एखादा कोड आला असता तर निदान हाताला काम राहिलं असतं. आता मी तिच्याजवळ नुसता बसतो आणि मला फार भीती वाटते. ती म्हणते, नूतनला सुट्टी मिळेल तेव्हा येईल, कळवू नका. तिचं ऐकू नकोस. पत्र मिळेल त्या दिवशी निघ. सुट्टीची वाट बघत बसलीस तर आई भेटायची नाही.

तुझाच,
पप्पा