सहावा घोडा

प्रिय भावोजी,

‘चहा घ्या’ यापलीकडे तुमच्यासमोर माझे वाक्य कधी गेले नाही, आणि आज एकदम पत्र! हा आगाऊपणा वाटल्यास क्षमा करावी.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगे घासणारे आमचे बाबा शनिवारी शर्यतीवर पैसे लावतात, हे ताईने सांगितलेच असेल. कसे लावतात, ते बहुधा सांगितले नसेल. पहिले तीन घोडे अचूक क्रमाने ओळखायचे असतात. बाबा ओळखत नाहीत; ते घरातल्या प्रत्येकासाठी एक घोडा निवडतात. स्वतःचा, ताईचा, माझा, आणि आई जाऊन इतकी वर्षे झाली तरी तिचाही. त्यांतले कोणतेही तीन कोणत्याही क्रमाने आले तरी चालतील, अशी चिठ्ठी मी भरते. बाबांना ती एकच चिठ्ठी वाटते. वास्तविक चार घोड्यांच्या चोवीस निरनिराळ्या पैजा होतात. प्रत्येकीचे पैसे वेगळे, आणि लागली तर एकच लागते. तुम्ही घरात आलात आणि चोविसाच्या साठ झाल्या. “जावई आला म्हणजे खर्च वाढणारच की!” म्हणून बाबा केवढे हसले होते.

मी त्यांना स्वस्तातला मार्गही दाखवला. एकच घोडा पहिला येणार असे ठरवून उरलेले चार त्याच्या मागे ठेवले, तर साठाच्या बाराच होतात. बाबांनी कागद पाहून विचारले, “मग पहिलं कोण गं? तू, की तुझी आई?” मी कागद परत घेतला. एखाद्याला वगळू या, हे शब्द त्यानंतर ओठांवर आलेच नाहीत. वर्गात पहिली येणारी मी, दर शनिवारी सुवाच्य अक्षरात तीच चिठ्ठी भरत बसते.

आता लिहिण्याचे कारण. ताईने गोड बातमी माझ्या कानात सांगितली आहे. उद्या सकाळी तुम्ही दोघे ती बाबांना सांगायला येणार. पाचाचे सहा घोडे झाले की साठाच्या एकशेवीस होतात. वरचे पैसे कपाटातल्या डब्यातूनच निघतील, आणि त्या डब्यात माझी प्रवेशाची फी आहे. ती सोमवारी भरायची आहे. बाबा आनंदाने मागतील आणि मी देईन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. म्हणून हात जोडून विनवते, सोमवारी संध्याकाळी या. आजोबा होण्याचा आनंद मी त्यांच्यापासून दोन दिवस लपवते आहे, हे मला कळते. पण बाबांना जे कधीच जमले नाही, ते अखेर मला करावे लागले. मी घरातल्या एकाला वगळले आहे, आणि ते तुमचे बाळ आहे.

तुमचीच,
धाकटी

(तुमच्या ऑफिसच्या दारातल्या पेटीत टाकले: शुक्रवार, ६ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.)