अंगठा ओला करू नकोस

बुधवार, सकाळ
सरकारी दवाखाना, लहान मुलांचा वॉर्ड

दादा,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. तू बरा असशील असं धरून लिहिते.

मी रात्रभर झोपले नाही. मिरी दवाखान्यात आहे. गालावर फोड आलाय आणि तो मधोमध काळा पडलाय. सूज इतकी की एक डोळा उघडत नाही. मला डोळा लागला आणि तिचा श्वास अडकला तर कोण बघणार, म्हणून तिच्या छातीवर हात ठेवून बसून राहिले.

तू तिला एकदाच बघितलंस. मिरीएवढी आहे म्हणालास, तेच नाव चिकटलं. आता रांगते. डफ वाजला की बसल्या जागी डुलते, तेही ताल सोडून. तुझ्यावर गेलीय असं मी म्हणायचे, पण मनातल्या मनात. तुझं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

अक्षर समजून घे. नर्सबाईंनी कागद दिला, टेकायला काही नाही.

दुसरी बातमी वाईट आहे. आमच्याकडे कातडं तासणारे काका गेले. तुला कुणी कळवलं नसेल. ताप आला, छाती भरली आणि गेले. त्यांच्या हातावर पण असाच काळा फोड होता. मी म्हटलं, काका दाखवून या. तर म्हणाले, "पोरी, दुखत नाही तो फोड कसला, तो तीळ." हसले आणि परत तासायला बसले. मिरीचा पण दुखत नव्हता. मला वाटलं काहीतरी चावलं.

काल डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात जनावर आहे का. हे म्हणाले, नाही. धंदा काय? वाद्यांचा. बाई पुढं लिहायला लागल्या. मग मीच म्हटलं, कातड्याची वाद्यं, आम्ही कातडं घरीच ताणतो, पोर तिथंच खेळते. बाईंनी पेन खाली ठेवलं. आजाराचं नाव सांगितलं, ते मला धरता आलं नाही. एवढं कळलं की जनावर आजारी असेल तर आजाराचं बी त्याच्या कातड्यात राहतं. वाळलं तरी मरत नाही. धुळीतून लागतं, जखमेतून लागतं, तोंडात गेलं तर फारच वाईट. मिरी कातरलेल्या पट्ट्या हातात घेऊन बसायची. तोच तिचा खुळखुळा. मीच द्यायचे, गप्प बसते म्हणून.

औषध चालू केलंय. बाई म्हणतात बघू. त्यांनी माझे पण हात उलटेपालटे करून बघितले.

तुमचा गट कसा आहे? एकेक देशाचं वाद्य आणून चौघं गोल बसायचात ते आठवतं. एक तापवायला शेगडीवर धरायचं, एकाला पाण्याचा हात लावायचा, एकाला गोधडीत गुंडाळून ठेवायचं. तू म्हणायचास, "वादक कसले, आम्ही आया आहोत." तेव्हा मी हसायचे, मला पोर नव्हतं.

मी भलतंच लिहीत बसलेय. लिहायचं ते हे.

मडकं वाजवणाऱ्या तुमच्या ताई मध्यंतरी दुकानात आल्या होत्या. मोठा डफ पाहिजे म्हणाल्या, कडेचे केस ठेवलेला, चुन्यात न घातलेल्या कातड्याचा. कुणासाठी ते बोलल्या नाहीत, पण केस म्हटल्यावर तुझ्यासाठीच, हे ह्यांना कळलं. चुन्यानं आवाज मरतो हे तुझंच बोलणं. सगळ्यांसमोर तू ह्यांना म्हणाला होतास, "तुझा हात बनवणाऱ्याचा आहे, वाजवणाऱ्याचा नाही." तेव्हापासून हे तुमच्याकडे फिरकले नाहीत. तरी डफ त्यांनी मनापासून केला, दादा. जेवण सोडून त्याला कान लावून बसायचे. ताई घेऊन गेल्या तेव्हा म्हणाले, "बघू, आता तुझा भाऊ काय म्हणतो."

ते कातडं त्याच गठ्ठ्यातलं होतं. नवीन माणसाकडून आणलेला गठ्ठा. काकांनी तोच तासला, मिरीच्या हातातल्या पट्ट्या त्याच्याच.

आणि तू अंगठा जिभेला लावतोस. ओला करून कातड्यावर ओढतोस, तो घुमणारा आवाज काढायला. मग परत जिभेला. लहानपणापासून बघत आलेय. आई ओरडायची, घाणेरड्या, पाणी घे वाटीत. तू म्हणायचास, पाण्यानं तसा आवाज येत नाही.

काल मी ह्यांना म्हटलं, त्याला कळवा. हे मला बाहेर जिन्यापाशी घेऊन गेले. म्हणाले, "दुकानात आहेत ती वाद्यं सांगू. विकून बाहेर गेलेल्याचं बोलायचं नाही. एक मागं बोलावलं की सगळी मागं येतात. मग आपल्या हातचं कोण वाजवणार?" मी म्हटलं, अहो, तो थुंकी लावतो. तर म्हणाले, "त्याला काय होतंय."

देताना त्यांना माहीत नव्हतं, हे मी मिरीच्या अंगावर हात ठेवून सांगेन. काल माहीत झालं होतं. ते कुठल्या आवाजात म्हणाले ते मी लिहिणार नाही. मला त्यांच्याबरोबर राहायचंय की नाही ते मला आत्ता कळत नाही.

माझा फोन चार्ज करून आणतो म्हणून घेऊन गेले, अजून आले नाहीत. तुझा नंबर मला पाठ नाही. नाव दाबलं की लागायचा. मिरीला सोडून मला उठता येत नाही. वॉर्ड झाडणाऱ्या मावशी छापखान्याच्या बाजूला, तुमच्या खोलीजवळच राहतात. तुमच्या तालमीच्या खोलीच्या दाराखालून ही चिठ्ठी सरकवते म्हणाल्यात. बाई तपासायला आल्या की त्यांनाही बाहेर गेलेल्या डफाचं सांगणार आहे. हे समोर उभे असले तरी.

डफ खोलीत असेल तर हात लावू नका. शेगडीवर धरू नका, झटकू नका. दार ओढून घ्या आणि दवाखान्यात या, सगळेच. दादा, वाजवला असशील तर अंग बघ. दुखत नसेल तरी दाखव. ताप असेल तर थांबू नकोस.

मिरीनं आत्ता सूज नसलेला डोळा उघडला. माझ्याकडे बघतेय. रडत नाही, याचीच भीती वाटते.

तुझी,
धाकटी

दादा तिथं नसेल आणि ही चिठ्ठी दुसऱ्या कुणाला सापडली असेल, तर तुमच्यापैकी कुणाकडे तरी त्याचा नंबर असेल. डफवाला, अंगठा चाटतो तो. तुमच्या पाया पडते, आधी माझ्या भावाला फोन करा.