धुक्यातला पाचवा मुडदा

भंडारदरा,
सप्टेंबर १९७१

तीर्थरूप मामांच्या पायांशी जावई आसारामचा नमस्कार. आपली पाठ आता वाकू देते का? मामींचा दमा बसला का? मिरजगावच्या पावसाची चौकशी मुद्दाम करत नाही, उगाच आपला जीव दुखायचा. मी इथं धरणाच्या चौकीत खुशाल आहे. चांगुणा रुसून आपल्याकडं आली, तेव्हा ‘नवरा मेला’ एवढंच सांगून तिनं तोंड फिरवलं असेल, म्हणून हा खुलासा. (मेलो हे खरं आहे, पण सिनेमात.)

त्याचं असं झालं, मुंबईहून एक सिनेमा कंपनी इथं उतरली. गोष्ट इंग्रजांच्या वेळची. एक खुनी डोंगरातल्या गावांत एकामागून एक माणसं मारत सुटतो, प्रत्येकाच्या उशाला पणती लावून जातो, आणि लांब कोटातला गुप्तहेर त्याच्या मागावर फिरतो. (कोट लोकरीचा. भिजून इतका जड व्हायचा की गुप्तहेराला दोघांनी धरून चढावर न्यावं लागे. खुनी मात्र स्वभावानं गरीब. आमच्या चौकीत चहाला यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा.) पाचव्या मुडद्याचं काम करणारा गडी जळवांना भिऊन पळाला, तेव्हा दिग्दर्शकसाहेबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, “तुमच्या चेहऱ्यावर शांतता आहे.” मामा, एवढ्या नोकरीत मला कुणी असं बोललं नव्हतं. मी तिथल्या तिथं मरायला कबूल झालो.

सकाळी मला पाण्याकाठी गवतात निजवलं. आपल्या मिरजगाव-कर्जतच्या कोरड्या मुलखात उजाडलं की डोळ्यांत धूळ; इथं समोर डोंगर आहे की नाही तेही कुणाला तरी विचारावं लागतं. ढग अंगावरून चालत होता. कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती, पण गाय नव्हती. मला वाटलं, मी हलका होत चाललोय. बिल्ला, बूट, चौकीच्या किल्ल्या, सगळं पाण्यावरून पलीकडं तरंगत निघालंय. पलीकडं माझी आई भाकरी थापत बसलेली. (तिला जाऊन किती वर्षं झाली, पण भाकरी गरम होत्या.) मी हात पुढं केला, तोच गुप्तहेर ओरडला, “मुडदा हलला!”

पुन्हा मेलो. या वेळी माझी सिनेमातली बायको, एक गोरीपान नटी, हंबरडा फोडत आली आणि तिनं माझ्या छातीवर बांगड्या फोडल्या. नेमकी तेव्हाच चांगुणा माझा डबा घेऊन येत होती. धुक्यात तिला काही दिसेना, फक्त रडणं ऐकू आलं, मग बांगड्या. डबा टाकून ती धावत आली. मी डोळे उघडून हसलो, तिथंच घात झाला. ती म्हणाली, “माज्या कपाळावर कुकू असताना दुसरीनं बांगड्या फोडायच्या? आन् तुमी निवांत ऐकत पडायचं?” मी म्हणालो, “अगं, शांतता दाखवायची होती.” त्यावर ती जे बोलली ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. दुपारच्या यष्टीनं ती गेली. वळणावर धुक्यानं गाडी गिळली, आणि मी वर केलेला हात खाली घ्यायचं विसरून उभा राहिलो.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
आसाराम

ता. क. मुख्य काम राहिलंच. चांगुणेला समजावून लवकर पाठवा. मी मरणं सोडलं म्हणून सांगा.

आणखी ता. क. पाठवू नका. पत्र टाकायला निघालो तर ती यष्टीतून उतरताना दिसली. मी हरखलो, पण माझ्याआधी दिग्दर्शकसाहेबांनी तिला पाहिलं. सहाव्या खुनाला बाई हवी होती. ही लगेच तयार! म्हणे, “मी बी बघते, मरन्यात काय सुख लागलं हुतं यांना.” आज ती त्याच गवतात निजली. केसांवर दंव, उशाला पणती, आणि धुकं तिला पायाकडून हळूहळू पुसत वर येत होतं. सिनेमा आहे हे मला ठाऊक होतं; खुनी माझ्याच शेजारी चहा पीत उभा होता. तरी “चांगुणे, ऊठ!” म्हणून ओरडत मी सरळ कॅमेऱ्यापुढं धावलो. तिनं डोळे न उघडता माझं बोट धरलं आणि हळूच विचारलं, “आता कळलं व्हय?” तेवढ्यात मला ओढून बाजूला नेलं. दुसऱ्यांदाही मी धावलो. आता त्यांनी मला चौकीत कोंडलंय आणि दाराशी खुन्याला पहाऱ्याला बसवलंय. तेव्हा मामा, मिळेल त्या गाडीनं आपणच या आणि लेकीला चार शब्द सांगा. माझं ती ऐकत नाही. साहेबांनी ‘राहू द्या’ म्हटलं, तरी म्हणते, “नीट मेल्याबिगर मी घरला यायची न्हाई.”