एक पायरी मागे

दि. ४ फेब्रुवारी

चि. सौ. मिठूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि तिसरी कॅसेट मिळाली. देवाच्या कृपेनं इकडे ठीक आहे. बाबांचा डावा कान अजून बंदच आहे, आणि तुझ्या त्या कोकीळकुमाराच्या कॅसेटी घरात आल्यापासून ते त्याला दुखणं न म्हणता सोय म्हणतात.

मन लावून ऐक असं तू लिहिलं होतंस. मन लावायला वेगळा वेळ मला परवडत नाही, पण कपड्यांच्या घड्या घालताना कान रिकामेच असतात, ते लावले. पहिल्या कॅसेटीत हा गडी प्रेमात पडून वर वर चढत जातो. चढता चढता मध्येच एक पायरी मागे येतो, जरा थांबतो आणि मग दोन पायऱ्या एकदम टाकतो. गॅस बंद केला का, असं जिन्यात आठवलं की बाई करते ना, अगदी तसं. मी म्हटलं, असेल बाई. दुसऱ्या कॅसेटीत ती मुलगी ह्याला सोडून गेली आहे आणि हा रडतो आहे. रडता रडता पुन्हा एक पायरी मागे. तिसरं तर नाचायचं गाणं. टाळ्या, आरडाओरडा, आणि त्या गर्दीतसुद्धा ती बाई गॅस आठवत जिन्यात उभी. कालचं उरलेलं आज फोडणी देऊन वाढायचं आणि परवा तेच लाटायचं, असा सगळा कारभार. उरलेलं मीही टाकत नाही, पण मी त्याला नवा पदार्थ म्हणत नाही आणि पानामागे पैसेही घेत नाही.

वाईट एवढंच की काल प्रार्थना म्हणताना मीच एक पायरी मागे आले. देवानं काय समजायचं?

आमच्या घरी कधी येतेस, असं तू विचारतेस. तुझे तारवाले यजमान त्या स्टुडिओत नक्की कसल्या तारा जोडतात, हे लग्नात कोणालाही धड सांगता आलं नाही. ज्या कामावर माणसाचं नाव नाही त्याला मी काम म्हणत नाही. आधी दारावर तरी त्यांच्या नावाची पाटी लागू दे, मग येते.

लोभ आहेच, तो वाढवावा. वाढवायला पैसे पडत नाहीत.

तुझी आई


दि. ११ फेब्रुवारी

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अगं, शाळा सुटेपर्यंत तू माझ्या एकाच तऱ्हेच्या दोन वेण्या घातल्यास. मी कधी तक्रार केली का, की कालचीच वेणी आज लाटलीस म्हणून? ह्याला शैली म्हणतात. गाणाऱ्याचीही असते.

तुझं पत्र मी ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. जिन्याचा मजकूर आला तसा ह्यांचा हात थांबला. तो पुन्हा वाचायला लावला, मग पुन्हा. म्हणाले की जो गातो त्याच्याही हे लक्षात आलेलं नाही, आणि आईंनी घड्या घालता घालता पकडलं. नंतर भांडी घासताना बराच वेळ आपल्याशीच हसत होते.

एक मात्र ऐक. ती पायरी तुझ्यामाझ्यातच राहू दे. का, ते समोर बसून सांगेन. आणि त्यासाठी तरी ये. दोन खोल्या आहेत, पण खिडकीतून उजेड चांगला येतो. पाटीचं काय घेऊन बसलीस?

बाबांच्या उजव्या कानाला माझा नमस्कार सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी मिठू


दि. १५ फेब्रुवारी

चि. सौ. मिठूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी सूचना पोचली, पण आधी साप्ताहिक पोचलं. तुला पत्र टाकलं त्याच दिवशी मी 'वाचक म्हणतात' या सदरालाही चार ओळी धाडल्या होत्या. त्या छापून आल्या आहेत, कात्रण सोबत आहे. खाली 'एक मॅट्रिक गृहिणी' एवढंच घातलं. वर 'गायक जिन्यात अडकला' असा मथळा त्यांनीच दिला. मला तो जरा भडक वाटला, पण काढून टाका असं कळवण्याइतका वाटला नाही.

शेजारच्या मास्तरीणबाईंनी तिन्ही गाणी लावून पाहिली आणि दारातूनच मला हात जोडले. त्यांच्या मुलीनं भिंतीवरचं त्याचं चित्र उतरवलं. चित्रात तो छातीची बटणं उघडी टाकून ढगाकडे बघतो आहे. ढगात बहुतेक चौथी चाल शोधत असावा. तिथंही नाही मिळायची.

तू लिहितेस, पायरी आपल्यातच ठेव. आता ती गावभर झाली. पण तू एवढी का घाबरतेस? तो काय आपला सोयरा लागतो?

तब्येतीस जप. आशीर्वाद आहेत तितके पाठवले आहेत, आणखी लागले तर कळव.

तुझी आई


दि. २४ फेब्रुवारी

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

तो सोयरा नाही, आई. पण चाली आपल्या सोयऱ्याच्या आहेत.

तिन्ही कॅसेटींतल्या चाली ह्यांनी लावल्या. वेष्टनावर गायक तोच आणि संगीतकारही तोच, कारण काम देताना अटच तशी होती, आणि बाहेर बोलायचंही नाही. म्हणून मी लग्नात गप्प राहिले आणि तू तारा जोडल्यास. कॅसेटी एवढ्यासाठी पाठवत होते की तू मनात काही न धरता ऐकावंस, एखादं बरं म्हणावंस, आणि मग मी सांगावं, हे तुझ्या जावयाचं आहे.

आता पायरीचं. माझ्या संसाराला दिलेल्या प्रत्येक भांड्याच्या तळाला तू खिळ्यानं तीन ठिपके आणि एक रेघ ठोकून दिली होतीस. आमच्याकडे भांडी हे घासतात. त्यांनी विचारलं की ही नक्षी कसली. मी सांगितलं, आईची खूण आहे, शेजारी गेलेलं भांडं आपलंच परत आलं का ते कळायला. त्यानंतरच्या पहिल्याच गाण्यात त्यांनी ती पायरी घातली आणि मग प्रत्येक गाण्यात घालत गेले. नाव घालायला बंदी होती, खुणेला नव्हती.

तुझं कात्रण त्या कोकीळकुमाराच्या हाती पडलं. आधी आदळआपट झाली. ती पायरी काढून टाका म्हणाला. मग रस्त्यावरची पोरं मुद्दाम तीच पायरी गुणगुणायला लागली, तसा त्याचा सूर बदलला. परवा रेडिओवर त्यानं सांगितलं की ही आपली ओळख आहे आणि लहानपणी आजोबांच्या जिन्यावर आपल्याला ती सुचली. तू दिलेला जिनासुद्धा त्यानं उचलला. आता ह्यांना म्हणतो की कॅसेट कंपनीच्या लोकांसमोर सांगा, ही पायरी मला साहेबांनी शिकवली. नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नका.

हे हो म्हणायच्या बेतात आहेत. म्हणतात, एक वाक्य बोलायचं, त्यात काय जातं? घरभाडं तरी सुटेल. मला त्यांना काही समजावता येत नाही. तू लिहून बघ. फक्त साप्ताहिकाला लिहू नकोस.

रागावलेली नाही, पण जवळ हवी होतीस.

मिठू


दि. २ मार्च

चि. जावईबापूंस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. मिठूचं पत्र वाचून मी फळीवरचं पातेलं काढलं, पालथं घातलं आणि त्याच्यासमोर बसून राहिले. माझ्या चार ओळींनी तुमच्या भाकरीवर पाय आला. पण जे छापलं ते खरं होतं, म्हणून ते परत घेत नाही. मागच्या पत्रांतून तारा मात्र परत घेते.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा आमचं पातेलं नेलं, ठिपके घासून काढले आणि आपली फुली ठोकली. मी भांडले नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं की पातेलं तुमचंच, दूध तापवा, चहा घेऊनच जाते. ते पातेलं डावीकडे कलतं. सांडशी कुठं धरायची ते मला ठाऊक, त्यांना नव्हतं. दूध शेगडीभर झालं. संध्याकाळी पातेलं त्या स्वतः आणून ठेवून गेल्या.

तुमचा कोकीळ तसाच. कोकिळेचं घरटं कुणी पाहिलंय? तिची अंडी दुसऱ्याच्या घरट्यात वाढतात आणि वर आजोबांचा जिना सांगते. त्याला चारचौघांत एवढंच म्हणा की पायरी तुमची आहे, तर नव्या गाण्यात तुम्हीच घाला. मग बाजूला उभे राहा.

एका वाक्यात काय जातं, असं तुम्ही विचारता. मी रोज देवापुढं बसते, तिथं शब्दांचाच व्यवहार आहे. तुमचा सुरांचा आहे. खोटा सूर लागला तर तुम्ही चालू द्याल का? भाड्याची चिंता करू नका. कमी पैशात घर कसं चालवायचं ते मी मिठूला शिकवलं आहे. तिला विसर पडला असेल तर मला सांगा, मी आठवण करून देईन.

माझ्याविषयी मनात काही राहिलं असेल तर ते भांड्यांबरोबर घासून टाकावं.

मिठूची आई


दि. २१ मार्च

ती. सौ. आईंस सा. न. वि. वि.

मला बोलता येत नाही, म्हणून तर चाली लावतो. तरी तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. कंपनीची माणसं त्याच्याकडे बघायला लागली. तो हसला आणि म्हणाला की पुढच्या कॅसेटमध्ये ऐका. मला दार दाखवलं. ते दारही मीच रंगवलं होतं, ही गोष्ट तेव्हाच आठवली.

आता एका शाळेत मुलांना गाणं शिकवतो. त्यांच्या सकाळच्या प्रार्थनेला चाल मीच लावली. बाईंनी फळ्यावर खडूनं 'चाल' असं लिहून पुढे माझं नाव लिहिलं. पुढच्या तासाला गणित होतं, त्यात नाव पुसलं गेलं. तेव्हा पाटी अजून नाही.

पैसे कमी आहेत. तरी मिठू त्या प्रार्थनेची चाल शिट्टीवर वाजवते आहे.

त्याची नवी कॅसेट बाजारात आली की मिठू तुम्हाला पाठवणार आहे. मी ऐकणार नाही. तुम्ही ऐकून सांगाल ते खरं.

मुलासारखं समजावं, ही विनंती.

आपला जावई


दि. १७ जून

चि. जावईबापू आणि चि. सौ. मिठू, दोघांस अनेक आशीर्वाद. वि. वि.

कॅसेट पोचली. ह्या वेळी घड्या बाजूला ठेवल्या आणि हात मोकळे सोडून ऐकली. बाबांनीही चांगला कान पुढे केला.

पायरी आहे. कशी सोडेल? रेडिओवर सांगून बसला आहे. पण ती त्यानं घातली आहे आरंभालाच, चढायच्या आधी. जो अजून जिन्याला लागलाच नाही तो मागे कुठं येणार? अंगणात पडला आहे. एकदा पडून कळलं नाही म्हणून प्रत्येक कडव्याला पडतो. बाबांनी विचारलं की ह्याला कुणी उचलत का नाही. खूण भांड्याच्या तळाला असते, बाहेरून, हलक्या हातानं. ह्यानं ती आतून ठोकली आहे, हातोड्यानं. भांडं गळतं आहे आणि हा टाळ्या वाजवून गळण्याचा आवाज झाकतो आहे. मास्तरीणबाईंच्या मुलीनं ती कॅसेट परत करून दुसरं काही आणलं, यात सगळं आलं.

तुमची पहिली तीन गाणी मी पुन्हा लावली. त्या बाईला गॅस आठवतो, ती थांबते, आणि मग दोन पायऱ्या चढून जाते. ती वर जाते, हे मी तेव्हा लिहायला विसरले होते. आता प्रार्थनेत माझी एक पायरी मागे आली तरी मी ती येऊ देते.

मी येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते. तुम्ही पाटीची वाट पाहू नका, मी आणते आहे. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा जपून ठेवला होता, तो कापून कडा ठोकून घेतल्या आणि खिळ्यानं ठिपक्याठिपक्यांनी तुमचं नाव उठवलं. अक्षर सुरेख नाही. शेवटचं तर एक पायरी खाली घसरलं आहे, ते तसंच राहू दिलं. मागच्या बाजूला तीन ठिपके आणि रेघ आहे. हातोडी तुमच्याकडे असेलच, नसली तर शेजाऱ्यांची आणा, आणि काम झालं की त्यांची त्यांना परत करा.

बाकी भेटीत. लोभ दारातच ठेवा, मी आले की आत नेईन.

तुमची आई