आईच्या हातचा कोबी

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामालाच आहे? सात महिन्यांनी लिहितोय म्हणून चिडू नकोस. चिडण्यासारखं पुढे भरपूर आहे.

आई रविवारी आमच्याकडे आली. आली म्हणजे, हिने बोलावून घेतली. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि अकरा वर्षं मी कोबीच्या भाजीला नावं ठेवतोय. (हिच्या हाताला चव आहे, हे मी शेजाऱ्यांना सांगतो. हिला सांगायचं राहून जातं.) आईच्या हातची सर नाही, असं मी गेल्या महिन्यात पुन्हा म्हणालो, तर हिने झारा ओट्यावर ठेवला आणि थेट आईलाच फोन लावला. तो हात एकदा बघूच दे म्हणाली.

सोमवारी आईने कोबी केला. काय सांगू ताई! निम्मा कच्चा, निम्मा करपलेला, आणि मीठ बहुधा दुसऱ्याच भांड्यात पडलेलं. पण अकरा वर्षांची इभ्रत पणाला लागलेली, म्हणून मी दोनदा मागून घेतला. ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. (दुकानात चष्म्यासाठी मी लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, तेव्हा त्यांना काय वाटत असेल ते कळलं.) तिसऱ्यांदा मागितला तेव्हा आईनेच माझं ताट ओढून घेतलं. "पुरे रे, पोट बिघडेल. मला कुठे येतो कोबी? तो ताईच करायची!"

मग सगळं बाहेर आलं. आई दिवसभर मशीनवर कॉलरी शिवायची आणि तू शाळेतून येऊन, स्टुलावर चढून स्वयंपाक करायचीस. कंपासपेटीवरून आपलं वाजलं, तेव्हा मी जाहीर केलं होतं म्हणे, की मेलो तरी ताईच्या हातचं खाणार नाही. सात वर्षांचा होतो, पण शब्दाचा पक्का! म्हणून तू भाजी करून बाजूला व्हायचीस आणि आई मशीनवरून फक्त वाढायला उठायची. मी बाहेर शिकायला जाईपर्यंत, रोज. आणि मी बोटं चाटत तुलाच म्हणायचो, शिक जरा आईकडून. तू एकदाही बोलली नाहीस गं. लोकांचे डोळे तपासून मी पोट भरतो आणि घरातलं एवढं मला दिसलं नाही. फार लाज वाटली. आईसमोरच रडू आलं. हिने चिरायचे कांदे माझ्यापुढे सरकवले, तेवढंच निमित्त झालं. फोनवर हे सांगायला तोंड नव्हतं, म्हणून पत्र.

कंपासपेटी मीच मोडली होती. हे लिहून देतो.

तुझा,
धाकटा

ता. क. तो कोबी कसा करायचीस, ते बैजवार कळव.

ता. क. वन्सं, हे मी लिहितेय. कृपा करून काही कळवू नका. सासूबाईंच्या हाताचं भूत आत्ता कुठे माझ्या डोक्यावरून उतरलंय, आता तुमच्या हाताचं नको. त्यापेक्षा तुम्हीच या. कोबी यांना करायला लावते. वाढायला मी उठेन, म्हणजे तुम्हाला यांच्या हातचं खायला जड जाणार नाही.